मेलबर्नजवळच्या डोंगरात सांबराची शिकार करायची आहे, लायसन्स काढलंय, सांबर नेमकं कुठे आणि कधी सापडतं?

लायसन्स काढलंय म्हणताय तर आधी ताडोबातलं चितळ डोक्यातून काढा. चितळ उघड्यावर कळपाने दिसतं, सांबर बहुतेक एकटंच, फार तर मादी आणि तिचं पिल्लू, आणि तेही दाट झाडीत. इथलं सांबर म्हणजे आपल्याकडचंच जनावर, १८६०च्या दशकात गोऱ्यांनी जहाजातून आणून सोडलं आणि व्हिक्टोरियाच्या डोंगरात ते असं माजलं की आता झाडोऱ्याची नासधूस करतं म्हणून ओरड आहे. वाघ नाही तरी सावधपणा तोच, वास आला की तसंच मोठ्याने पोंक करून खूर आपटणार.

जेमिसन, डार्गो या तिथल्या डोंगरातल्या गावांकडे गेलात तर दिवस उजाडताना आणि मावळताना ओढ्याकाठी, ब्लॅकबेरीच्या जाळ्यांच्या आसपास चरताना मिळेल. दिवसा ते वर सोंडेवर जाऊन बसतं, थंडीत कोवळं ऊन येणारा उतार बघा, उन्हाळ्यात सावलीची ओली घळ. चिखलात लोळल्याच्या जागा, शिंगं घासून सोललेली झाडं, ताज्या चकचकीत लेंड्या, हे दिसलं की थांबा, जनावर जवळपासच असतं.

पण खरा खेळ वाऱ्याचा आहे हो, लोक भारीतले कॅमो, म्हणजे झाडीत मिसळून जाणारे कपडे घेतात आणि वारा पाठीवर घेऊन चालतात, मग दिसतं फक्त पळणारं ढुंगण! पहाटे गार हवा डोंगरावरून खाली वाहते म्हणून तेव्हा खालून वर चढायचं, ऊन तापलं की हवा वर जायला लागते, मग धारेवरून खाली उतरायचं. चार पावलं टाकायची, उभं राहायचं, बघायचं. अख्खं सांबर शोधू नका, कान हललेला किंवा पायाचा तुकडा दिसतो. फॅलो हरणासारखा एप्रिलचा ठरलेला माजाचा सीझन याला नाही, नर वर्षभरात कधीही माजावर येतो, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका.

नियम म्हणाल तर पायी शिकार वर्षभर चालते, वासावरून माग काढणाऱ्या हाउंड कुत्र्यांसोबतची १ एप्रिल ते ३० नोव्हेंबर, रात्री स्पॉटलाइट मारून अजिबात नाही. आणि मोठा नर २०० किलोच्या वर भरतो, एकटे असाल तर खोल घळीत गोळी घालू नका, ते मांस पाठीवर वर आणायचं तुम्हालाच आहे.