छायाचित्रकार व्हिव्हियन मायर यांची रस्त्यावरची पोर्ट्रेट पाहून भारावलो. नाशकात तसे भावपूर्ण फोटो काढायचेत, पण नक्कल नको. सुरुवात कशी करू?

आधी कॅमेरा बाजूला ठेवा. त्यांचे आवडलेले दहा फोटो घ्या आणि प्रत्येकाखाली लिहा : उजेड कुठून येतोय, कॅमेरा किती उंचीवर आहे, माणसाचे हात काय करताहेत. हातांकडे बहुतेक जण बघतच नाहीत. भाव चेहऱ्यावर शोधत बसतात आणि तो असतो पिशवीच्या बंदावर आवळलेल्या बोटांत.

मायर (१९२६–२००९) शिकागोत मुलं सांभाळायचं काम करायच्या. त्यांचा रोलीफ्लेक्स पोटाशी धरून वरून काचेत बघायचा कॅमेरा होता. त्यामुळे समोरचा माणूस किंचित खालून, भारदस्त दिसतो. शिवाय त्याच्यावर नजर रोखलेली नसते. एका रोलवर १२ फोटो, म्हणजे घाई नाही. उचलायचं ते हे. स्क्रीन वर वळवून कॅमेरा कमरेशी धरा, चौकट चौरस ठेवा, बर्स्ट (एका दाबात धडाधड फोटो) बंद करा. भाजीवाली जमिनीवर बसली असेल तर तुमची कंबर तिच्या डोक्याच्या वर येते, तेव्हा सरळ उकिडवे बसा.

लांबून २०० मिमीच्या टेलिफोटो लेन्सने टिपू नका. चेहरा मिळतो, पण फोटो चोरून काढल्यासारखा दिसतो आणि भोवतालचा बाजार हरवतो. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३५ मिमी लेन्स, छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर एफ/८, मॅन्युअल फोकस २.५ मीटरवर ठेवला की साधारण १.७ ते ४.८ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. ऑटोफोकस इथे दगा देतो, पुढच्या मेथीच्या जुड्या धरतो. शटरचा वेग १/२५० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटो.

जागा म्हणाल तर गंगेवरचा, म्हणजे गोदावरीकाठचा, बुधवारचा बाजार. सकाळी ऊन पंचवटीच्या अंगाने तिरपं येतं. कॅमेरा नदीच्या धारेला समांतर धरलात तर अर्धा चेहरा उजळतो, अर्धा सावलीत राहतो. निळ्या ताडपत्रीखाली मात्र कातडी निळी पडते आणि ती नंतर नीट सुधारत नाही. माणूस ताडपत्रीच्या कडेला येईपर्यंत थांबा. ऊन डोक्यावर आलं की डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, मग भांडी बाजारात शिरा. तिथे चकाकत्या पितळेमुळे कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो, चेहरा काळवंडतो, एक्स्पोजर +०.७ करून फोटो थोडा उजळ घ्या. दुकानातल्या एलईडीखाली सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटरने फोटोत पट्टे येतात, तिथे साधं मेकॅनिकल शटर वापरा आणि वेग १/१०० ठेवा.

रामकुंडावर दशक्रिया आणि अस्थिविसर्जन चालू असतं, बायका स्नान करत असतात. तिथे कॅमेरा बंदच. कुणाचं दुःख उचलून आणणं म्हणजे भावपूर्ण फोटो नव्हे, हे मी अगदी ठामपणे सांगतो.

कुणी पाहिलं तर कॅमेरा लपवू नका. ‘मावशी, एक फोटो काढू का?’ म्हणा. नको म्हणाल्या आणि आधी काढलेला असेल, तर त्यांच्यासमोरच डिलीट करा. हो म्हणाल्या की त्या पदर सारखा करून ताठ बसतील. तोही फोटो मनापासून काढा, दाखवा, आणि तिथेच रेंगाळा. पाच-दहा मिनिटांत गिऱ्हाईक येतं, तराजू हातात येतो, तुमचा विसर पडतो. तुम्हाला हवा तो फोटो तेव्हाचा. पण पुढच्या बुधवारी ४×६ची प्रिंट न्याल ती पदर सारखा केलेल्या फोटोची.