सापळा, सांगाडा, हाडं की अस्थी?

दाभोळच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: "शाळेच्या परिपाठात एका मुलाने बातमी वाचली, ‘समुद्रकिनारी मानवी सापळा सापडला’. दुसरा लगेच म्हणाला, ‘बाई, माणसं पकडायला लावला होता का?’ वर्ग हसला, पण मला उत्तर सुचेना. सापळा बरोबर, सांगाडा बरोबर, की अस्थिपंजर म्हणावं? आणि अशी हाडं तपासणाऱ्या तज्ज्ञाला मराठीत काय म्हणतात?"

त्या मुलाचा प्रश्न अगदी रास्त आहे. ‘पोलिसांनी सापळा रचून आरोपीला पकडलं’ हे वाक्य तो रोज ऐकतो. उंदराचा सापळा घरात असतो. मग किनाऱ्यावरच्या सापळ्याचा त्याने तोच अर्थ लावला तर चूक काय? मराठीत या शब्दाला दोन्ही अर्थ आहेत आणि दोन्ही रुळलेले आहेत. बरगड्यांची रचना डोळ्यांसमोर आणली की दोन्ही अर्थांमागचं एकच चित्र दिसतं: कांबी-कांबींचा, आतून पोकळ पिंजरा. ‘अस्थिपंजर’मध्येही तेच आहे, पंजर म्हणजे पिंजरा. (जाता जाता, सुटा शब्द ‘अस्थी’ दीर्घ, पण समासात ‘अस्थिपंजर’, ‘अस्थिविसर्जन’ असा ऱ्हस्व.)

मात्र आपण ‘सापळा’ जिवंत माणसालाही लावतो. लांबच्या आजारातून उठलेल्याला बघून आजी म्हणते, "नुसता हाडांचा सापळा उरलाय गो." म्हणजे या शब्दाचं लक्ष दिसण्याकडे आहे. ‘सांगाडा’चं तसं नाही. त्याचं लक्ष जोडणीकडे आहे. घराचा सांगाडा, मांडवाचा सांगाडा. आपल्याकडे होडी बांधताना पठाण, म्हणजे तळाचा कणा, बसवून त्यावर दोन्ही अंगांनी बाकदार फासळ्या चढल्या की सांगाडा उभा राहिला असं म्हणतात. खाडी ओलांडायला दोन होड्या एकमेकींना बांधून करत ती ‘सांगड’, आणि ‘सांगड घालणे’ तर आपण रोज म्हणतो. सांगाडा हा त्याच घरातला शब्द, असं मी मानतो. एकाला एक बांधलेलं, जागच्या जागी असलेलं, ते सांगाडा.

हा भेद पुस्तकी वाटेल, पण समुद्राकाठी तो फार महत्त्वाचा ठरतो. पाण्यात देह राहिला की सांधे एकेक करून सुटतात. हात, खालचा जबडा, डोकं हे भाग लवकर वेगळे होतात. लाटा, भरती-ओहोटी त्यांना निरनिराळ्या दिशांना नेतात. त्यामुळे पुळणीवर अख्खा सांगाडा क्वचित मिळतो. मिळतं ते एखादं मांडीचं हाड, कधी नुसती कवटी. त्याला ‘सापळा’ किंवा ‘सांगाडा’ म्हणणं म्हणजे न मिळालेलं मिळालं म्हणणं.

आणि ते हाड माणसाचं आहे हे तरी कुणी ठरवलं? तपासणाऱ्याचा पहिला प्रश्न हाच असतो. हे हाडच आहे का, असेल तर माणसाचं की जनावराचं, आणि माणसाचं असेल तर अलीकडचं की जुनं? आपल्या किनाऱ्यावर मेलेले डॉल्फिन लागतात. डॉल्फिनच्या वल्ह्यासारख्या पराच्या आत बोटांची हाडं असतात, आणि कातडी-मांस गेल्यावर ती रचना माणसाच्या पंजासारखी दिसते. बघणारा घाबरला तर त्याला दोष देता येत नाही. पण ‘मानवी’ हा शब्द तपासणीनंतरच यावा.

कोकणची जमीनही इथे बोलते. जांभ्याची माती आम्लधर्मी, वर पावसाळ्याचे चार महिने पाणी झिरपणार. अशा मातीत हाडं लवकर झिजतात, विरतात. शिंपल्यांच्या चुऱ्याने भरलेल्या पुळणीत चुना असतो, तिथे ती जास्त टिकतात. हाडावर जर होडीच्या बुडाला चिकटतात तसले कवचाचे जीव वाढले असतील, तर त्यांच्या आकारावरून ते पाण्यात निदान किती काळ होतं याचा अंदाज बांधता येतो.

आता पोलिसांच्या कागदाकडे वळू, कारण माझ्या मते या बाबतीत पंचनाम्याची मराठी बातमीच्या मराठीपेक्षा काटेकोर असते. आधी ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद होते. हे काम पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली चाले, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली चालतं. पंचनाम्यात लिहायचं ते ‘हाडे’. कोणतं, डावं की उजवं, किती, कुठे पडलेलं. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण २०६ हाडं असतात, त्यातली किती हाती आली याचा हिशेब लागतो. समजा, उजव्या मांडीची दोन हाडं मिळाली. मग तिथे निदान दोन माणसं होती. ‘एक सांगाडा’ असं आधीच लिहून बसलो तर दुसरा माणूस कागदावरून नाहीसाच होतो.

पंचनाम्यातला ‘पुरुष जातीचे, अंदाजे वय ३० ते ३५’ हा ठरीव मजकूर अनेकांना रुक्ष वाटतो. मला त्यातला ‘अंदाजे’ मोलाचा वाटतो. स्त्री की पुरुष हे ठरवायला सगळ्यांत भरवशाची जागा कमरेची: खुब्याच्या हाडामागची खाच स्त्रीत रुंद, पुरुषात अरुंद. भुवईवरचा उंचवटा आणि कानामागचा हाडाचा गोळा पुरुषांत सहसा ठळक असतो, पण कमरेइतका भरवसा कवटीचा नाही. वयासाठी लांब हाडांची टोकं मधल्या दांड्याला जुळली का ते बघतात. गळ्याखालच्या आडव्या हाडाचं छातीकडचं टोक सगळ्यांत शेवटी, तिशीच्या आसपास पूर्ण जुळतं. लहान मुलांत दात आणखी नेमके सांगतात. प्रौढपण सरत जाईल तसा वयाचा अंदाज सैल होत जातो. उंची मांडीच्या हाडाच्या लांबीवरून सूत्राने काढतात, आणि ते सूत्र ज्या लोकांच्या मोजमापांवरून बसवलं त्यांनाच नीट लागू पडतं. म्हणून ‘अंदाजे’ हा त्या कागदावरचा सगळ्यांत प्रामाणिक शब्द आहे.

मोडलेल्या हाडासाठी मात्र आपल्याकडे घरचेच शब्द आहेत. ओला फोक मोडताना वाकतो, तिरपा चिरत जातो. सुकी काटकी कटकन तुटते. हाडांचंही तसंच. मरताना झालेली मोड ओल्या हाडाची असते, वर्षांनंतर लाटेने किंवा फावड्याने झालेली सुक्या हाडाची, आणि तिच्या कडा बाकीच्या हाडापेक्षा फिक्या दिसतात. तिसरा प्रकार जिवंतपणीच्या जुन्या मोडीचा. तिथे हाड ‘सांधलेलं’ दिसतं, कडा गोलसर झालेल्या असतात. ‘मृत्युपूर्व’, ‘मृत्युसमयी’, ‘मरणोत्तर’ हे कागदावरचे शब्द मला मान्य आहेत, पण वर्गात मुलांना ‘सांधलेलं’, ‘ओलं मोडलेलं’, ‘सुकं मोडलेलं’ असं सांगा, लगेच कळेल. ज्या गावात हाडवैदाकडे जायची रीत होती तिथल्या मुलांना तर नक्कीच.

तज्ज्ञाच्या नावाबद्दल माझं मत थोडं आग्रही आहे. ‘न्यायवैद्यक’ म्हणजे कायद्याच्या कामी येणारं वैद्यक. शवविच्छेदन करून मृत्यूच्या कारणाचं मत देणं हे डॉक्टरांचं काम. हाडांवरून वय, लिंग, उंची, जखमांचा काळ वाचणारा मानवशास्त्रज्ञ डॉक्टर असेलच असं नाही. आपल्याकडे बऱ्याचदा वैद्यकीय महाविद्यालयातले न्यायवैद्यक आणि शरीररचना विभागच हे काम करतात, म्हणून गल्लत होते. मुंबईला कालिन्याच्या शासकीय संस्थेच्या नावात ‘न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा’ असे शब्द आहेत. तो ‘न्यायसहायक’ मला फार आवडतो. न्याय देणारा वेगळा, हा त्याला मदत करणारा. म्हणून ‘न्यायसहायक मानवशास्त्रज्ञ’ म्हणावं.

‘मानववंशशास्त्रज्ञ’ रूढ आहे, पण त्यातला ‘वंश’ मला खटकतो. हाडांवरून वंश सांगणं हाच या शास्त्रातला सगळ्यांत वादाचा भाग. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांना बर्लिनला १९३० साली डॉक्टरेट मिळाली ती माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंमधल्या फरकावरच्या अभ्यासासाठी. त्या फरकाचा वंशाशी संबंध नाही, असं त्यांना आढळलं. सासर कर्व्यांचं, दापोलीजवळच्या मुरुडचं. तेव्हा कोकणातल्या शाळेत ‘मानवशास्त्र’ शिकवताना हे उदाहरण हाताशीच आहे.

राहिला ‘अस्थी’. हाच शब्द मला सगळ्यांत जपून वापरावासा वाटतो. घरचं माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी सावडतात त्या अस्थी. त्या खाडीत, समुद्रात सोडतात. कुणीही म्हणत नाही, "वडिलांची हाडं सोडून आलो." उलट जेवणाच्या ताटाच्या कडेला ठेवतो ती हाडं, अस्थी नव्हेत. म्हणून अनोळखी माणसाबद्दल पंचनाम्यात ‘हाडे’ लिहिलं तर त्यात अनादर नाही, तिथे मोजणी चाललेली असते. पण समजा, ओळख पटली. लहानपणी आंब्यावरून पडून मोडलेला हात आईला आठवला, तो सांधा हाडावर दिसला, डीएनए जुळला, आणि पोलीस ते गाठोडं घरच्यांच्या हाती देतात. त्या दिवसाच्या बातमीत ‘सापळा नातेवाइकांच्या ताब्यात’ असं छापलेलं वाचवत नाही. तिथे ‘अस्थी’च लिहावं. हाडं तीच असतात, पण आता ती कुणाची तरी आहेत.

तर बाई, मुलांना सांगा की ‘सापळा’ चुकीचा नाही, पण बातमीत तो टाळलेला बरा. हाडं एकमेकांना जोडून, जागच्या जागी मिळाली असतील तर ‘सांगाडा’, सुटी असतील तर ‘हाडं’. ‘अस्थिपंजर’ शरीरशास्त्राच्या पुस्तकात शोभतो. परिपाठातली ती बातमी मी अशी लिहिली असती: ‘समुद्रकिनारी हाडे आढळली, मानवी आहेत का, याची तपासणी सुरू’.