वडिलांची कोलेस्टेरॉलची गोळी आणि विसरभोळेपणा: एका वेळी एकच बदल करा

ॲटोरव्हास्टॅटिन सुरू झाल्यापासून वडिलांना शब्द आठवत नाहीत, तेच तेच पुन्हा विचारतात, तर गोळी आपणच बंद करावी का, असं तुम्ही विचारलंय. आमच्या घरात हे सगळं होऊन गेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही, एवढं लक्षात ठेवून वाचा.

माझ्या नवऱ्याला स्टेंट बसवल्यावर हीच गोळी मोठ्या डोसमध्ये सुरू झाली. पुढे पुढे तो म्हणायचा, "ते दे गं... ते, पिळायचं." आणि स्क्रूड्रायव्हर त्याच्याच हातात असायचा.

आम्हाला सगळ्यांत महाग पडला तो एका क्लिनिकचा कारभार. नाव घेत नाही. तिथे एकाच भेटीत स्टॅटिन (ॲटोरव्हास्टॅटिनसारख्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांना स्टॅटिन म्हणतात) थांबवली, झोपेची गोळी बंद केली आणि व्हिटॅमिन बी-१२ची इंजेक्शनंही चालू केली. तो सुधारला, हे खरं. पण कशामुळे? मी विचारलं तर म्हणे, "बरं वाटतंय ना, मग झालं." वर फाइलवर शेरा मारला: स्टॅटिन सोसत नाही. पुढच्या प्रत्येक डॉक्टरने तो शेरा वेदवाक्य मानला. स्टेंट असलेल्या माणसाचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढत गेलं आणि औषध द्यायला कुणी धजेना. आजही आठवलं की संताप होतो. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी बाकी काहीही न बदलता रोसुव्हास्टॅटिन ही दुसरी स्टॅटिन कमी डोसमध्ये दिली आणि आम्हाला रोजची नोंद ठेवायला लावली. विसरणं परत आलं नाही. आता माझा संशय त्या झोपेच्या गोळीवरच आहे. तिच्यात डायफेनहायड्रामिन नावाचं औषध होतं आणि उतारवयात त्याने डोक्यात गोंधळ होऊ शकतो. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांतही ते असतं, तेव्हा वडिलांची सगळी पाकिटं पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवा.

स्टॅटिनचा काहीच दोष नसतो, असं मी म्हणत नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१२मध्ये या गोळ्यांच्या माहितीपत्रकात स्मृतीच्या तक्रारींचा उल्लेख घालायला लावला. अशा तक्रारी सहसा गंभीर नसतात आणि गोळी थांबवल्यावर जातात, असंही त्यांनी सांगितलं होतं. उलट ज्येष्ठांवर झालेल्या प्रॉस्पर चाचणीत प्राव्हास्टॅटिन आणि नुसती, औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांच्या स्मृतीत फरक दिसला नाही. २०२०च्या सॅमसन चाचणीत त्रासामुळे स्टॅटिन सोडलेले ६० जण होते. गोळी घेताना त्यांना जो त्रास झाला, त्यातला सुमारे ९० टक्के खोटी गोळी घेतानाही झाला. याचा अर्थ त्रास खोटा होता असा नाही. तो औषधातूनच येत होता, हे मात्र गृहीत धरता येत नाही.

म्हणून माझं मत ठाम आहे: गोळी परस्पर बंद करू नका, विशेषतः वडिलांना हार्ट अटॅक येऊन गेला असेल किंवा स्टेंट असेल तर. "काही आठवडे फक्त हीच थांबवून बघूया का, आणि नंतर हीच परत देऊन बघूया का?" असं डॉक्टरांना स्पष्ट विचारा. त्या काळात दुसरं काही बदलू देऊ नका. त्रास परत आलाच तर डोस कमी करणं, दुसरी स्टॅटिन, किंवा स्टॅटिन नसलेली इझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची गोळी असे मार्ग उरतातच. नोंद वडिलांनी नव्हे, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी ठेवावी. "आज विसरले" असं मोघम नको, काय विसरले ते लिहा.

त्याआधी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. थायरॉइड कमी काम करत असेल तर कोलेस्टेरॉलही वाढतं आणि डोकंही मंद चालतं, मग दोष गोळीच्या माथी जातो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ कमी झालंय का, तेही बघा. मध्येच क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक दिलं होतं का, तेही सांगा, कारण त्याने रक्तातली ॲटोरव्हास्टॅटिन वाढते.

हे सगळं हळूहळू आलेल्या विसरण्याबद्दल आहे. बोलणं अचानक अडखळलं, तोंड वाकडं झालं किंवा एक हात लुळा पडला तर नोंदवही बाजूला ठेवा आणि तडक हॉस्पिटल गाठा.