रॅपरमधले 140 सिनेमे

प्रश्न: ताई, मी 36 वर्षांचा आहे, चार वर्षं झाली घरूनच काम करतो. सिनेमाचं वेड लहानपणापासूनचं. डीव्हीडी, ब्लू-रे, पोस्टरं, लॉबी कार्डं (थिएटरच्या दर्शनी भागात लावायचे ते सिनेमातले छापील फोटो), बघितलेल्या प्रत्येक सिनेमाचं तिकीट, सगळं जमवतो. ज्या खोलीत काम करतो तिथेच हे सगळं आहे आणि आता खुर्ची मागे सरकवायलाही जागा उरली नाही. बायको आठवड्यातून दोन दिवस घरून काम करते, ती स्वयंपाकघरात बसते. परवा तिने मोजलं तर 140 डिस्कचं वरचं प्लास्टिकसुद्धा मी काढलेलं नाही. मला म्हणाली, "आधी सिनेमा लावलास की मला हाक मारायचास, आता पार्सल आलं की दार उघडायला मारतोस." खूप लागलं ते. काम करताना बाजूच्या स्क्रीनवर सिनेमा चालू असतो पण डोक्यात काहीच राहत नाही. सगळं विकून टाकू का?
– खोक्यांत अडकलेला

उत्तर: अरे, विकू वगैरे नकोस. निदान आत्ता, असं मनाला लागलेलं असताना तर नकोच नको, कारण अशा वेळी माणूस नेमकं चांगलं ते विकतो आणि मग वर्षभर हळहळत बसतो. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि दर वेळी त्या बायकोच्या वाक्यापाशीच थांबले. ती खोक्यांवर चिडलेली नाहीये रे. तिला हाक हवीये. ती बंद झाली हे तिला कळलं, तुला कळलं नाही, एवढंच.

आता हे झालं कसं ते बघू. तू ऑफिसात जात होतास तेव्हा परत येताना वाटेत ठरायचं ना, आज रात्री काय बघायचं? घरी पोचेपर्यंत कामाचं डोकं उतरलेलं असायचं आणि सिनेमाचं चढलेलं असायचं. घरून काम करायला लागल्यावर ती वाटच गेली. आता लॅपटॉप मिटला तरी तू त्याच खुर्चीत, त्याच भिंतीसमोर, आणि साडेनऊला कुणाचा तरी मेसेज आला की परत आत. घरून काम करणाऱ्याला दिवसभरात दोन-दोन मिनिटांचे तुकडे भरपूर मिळतात, एक मीटिंग संपून दुसरी सुरू व्हायच्या मधले, फाईल अपलोड होतानाचे वगैरे, पण सलग दोन तास काही केल्या मिळत नाहीत. आणि डिस्क विकत घ्यायला दोन मिनिटं पुरतात, बघायला दोन तास लागतात. म्हणून तुझं सिनेमावरचं प्रेम सगळं खरेदीत जाऊन बसलं. जिथे जागा मिळाली तिथे गेलं बिचारं. ह्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण हे असंच चालू ठेवण्यासारखंही नाही.

बाजूच्या स्क्रीनवरचा सिनेमा मात्र आजपासून बंद कर, अगदी कडक बंद. गाणी लाव, काहीही लाव, सिनेमा नको. कारण त्याने दुहेरी नुकसान होतं, कामात लक्ष नाही आणि सिनेमाही उष्टा झालेला, म्हणजे नंतर शांतपणे बघायला घेतलास तर "हा तर झालाय बघून" असं वाटतं आणि तो कायमचाच राहून जातो.

कलेक्शन चुकीचं आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. ओटीटीवर हक्कांची मुदत संपली की सिनेमा एका रात्रीत गायब होतो, हे तुला मी सांगायला नको. हातात डिस्क असली की तो आपला. जमवणाऱ्यांचे उपकार आहेत सिनेमावर. आंरी लांग्लुआचं नाव तू ऐकलं असशीलच, 1936 मध्ये पॅरिसला सिनेमातेक, म्हणजे जुने सिनेमे जपणारी आणि दाखवणारी संस्था, सुरू करणाऱ्यांपैकी एक. मिळेल ते रीळ वाचवायचा, बाथटबमध्येसुद्धा रिळं ठेवायचा असं सांगतात. त्याच काळात लंडनच्या राष्ट्रीय फिल्म लायब्ररीत अर्नेस्ट लिंडग्रेन होते, ते अगदी उलट, निवडून घ्यायचं, नीट नोंद ठेवायची आणि एकुलती एक प्रत असेल तर प्रोजेक्टरवर चढवायचीच नाही. ह्या दोघांत बरोबर कोण यावर सिनेमावाले अजून वाद घालतात. तब्येतीने तू लांग्लुआवाला आहेस हे पत्रावरून दिसतंच आहे, पण त्याचं अर्धंच घेतलंस. तो रोज लोकांना सिनेमे दाखवायचा! त्याच्या त्या छोट्या हॉलमध्ये बसून बघणारी पोरं पुढे त्रुफो आणि गोदारसारखे मोठे फ्रेंच दिग्दर्शक झाली. त्या पसाऱ्यातून रोज संध्याकाळी काहीतरी बाहेर येऊन पडद्यावर जायचं. तुझ्या खोलीतून गेल्या वर्षात पडद्यावर काय गेलं?

आता एक गोष्ट मला खटकली ती स्पष्टच सांगते. तिचं काम स्वयंपाकघरात आणि तुझ्या खोलीत न उघडलेली खोकी. हे बरोबर नाही. त्या दोन दिवसांसाठी तिला दार बंद करून बसता येईल अशी जागा त्या खोलीत व्हायला हवी, आणि ती तिने मागायच्या आधी व्हायला हवी. पोस्टर एखादं कमी लागलं तर चालेल. दोघांच्या मीटिंगा एकाच वेळी आल्या तर कोण कुठे बसणार हे आदल्या रात्री बोलून घ्या, सकाळी घाईत नको.

जागा करायला काय काढायचं? "एक नवीन आणलं की एक जुनं काढायचं" हा नियम लोक फार सांगतात, मला तो जमवणाऱ्या माणसासाठी पटत नाही, तो जुनं काढतो आणि दुसऱ्या दिवशी तेच शोधत बसतो. त्यापेक्षा डबल काय आहे ते बघ. एकच सिनेमा व्हीसीडीवर, मग डीव्हीडीवर, मग ब्लू-रेवर असं तुझ्याकडे नक्की असणार. जुन्या डिस्कवर दिग्दर्शकाची कॉमेंटरी किंवा वेगळे सबटायटल्स असतील तर ती ठेव, नाहीतर कुणाला तरी देऊन टाक, बघणाऱ्याला दे. आणि खरेदी थांबव, कायमची नाही, त्या 140 मधल्या निदान 40 उघडून बघून होईपर्यंत. कामाच्या वेळात तर खरेदीचं पान उघडायचंच नाही. आवडलेलं नाव कागदावर लिहून ठेव आणि रविवारी बघ, अर्धी नावं रविवारपर्यंत आपोआप गळतात, आणि उरतात ती खरंच हवी असलेली असतात.

घरी रेकॉर्ड केलेल्या, म्हणजे राईट केलेल्या डिस्क असतील तर त्या आधी हार्डडिस्कवर उतरवून घे. कंपनीतून छापून आलेल्या डिस्कपेक्षा ह्या लवकर जातात, कारण ह्यांच्यात माहिती रंगाच्या थरावर लिहिलेली असते आणि तो थर उजेडाने, उष्णतेने खराब होतो. बाकीच्या डिस्क पुस्तकांसारख्या उभ्या ठेव, एकावर एक रचू नकोस. आणि व्हिडिओ कॉलला मागे दिसावं म्हणून जे पोस्टर लावलंयस म्हणतोस ना (पत्रात खाली ताजा कलम टाकलायस, ते मी वर छापलं नाही), ते खिडकीसमोर असेल तर एकदा जवळ जाऊन बघ. उन्हाने लाल आणि पिवळा आधी उडतो आणि चेहरे निळसर दिसायला लागतात. तसं झालं असेल तर आजच हलव. मागे चिकटपट्टी असेल तर ओढून काढू नकोस, कागद सोबत येतो.

तिकिटांचं ऐकून मात्र माझ्या पोटात कालवलं. मीही ठेवायचे. पी. के. नायर, ज्यांनी आपलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं केलं, तेही लहानपणी तिकिटांची अर्धुकं जपायचे, हे वाचल्यावर तर मला केवढा आनंद झालेला. मी सगळी तिकिटं प्लास्टिकच्या खिशांच्या अल्बममध्ये लावली होती, बहिणीबरोबरची, आईला घेऊन गेलेले त्याचं, सगळी. काही वर्षांनी उघडलं तर पानंच्या पानं पांढरी. उजेडात तिरकं धरलं तेव्हा एका तिकिटावर सीटचा नंबर जेमतेम दिसला, बाकी काही नाही. आईबरोबरचं कुठलं ते मला ओळखताच आलं नाही. नंतर कळलं की ही तिकिटं थर्मल कागदाची, त्यात शाई नसतेच, उष्णतेने कागदाचा लेपच काळा होतो आणि तीच अक्षरं, आणि पीव्हीसीच्या मऊ प्लास्टिकमधली द्रव्यं ती अक्षरं खाऊन टाकतात. लॅमिनेट केलं तर आणखी वाईट, अख्खं तिकीट काळं पडतं. म्हणून तुझी तिकिटं प्लास्टिकमध्ये असतील तर बाहेर काढ, साध्या कागदी पाकिटात ठेव, अंधारात.

आणि दोघांनी मिळून सिनेमा बघायची रात्र परत कशी आणायची ते सांगते. शुक्रवारी सात वाजता लॅपटॉप चार्जरसकट कपाटात, फोन दुसऱ्या खोलीत. चपला घालून दोघं बाहेर एक चक्कर मारून या, ती गेलेली वाट तेवढी परत मिळेल. मग त्या 140 तिच्यासमोर मांड आणि तिला निवडू दे. तिने तुझ्या मते अगदी फालतू सिनेमा निवडला तरी दिग्दर्शकाची माहिती सांगत बसू नकोस, ती विचारेल तेव्हा सांग. प्लास्टिक तिलाच काढू दे. दिवे बंद कर. शेवटची नावं संपेपर्यंत उठू नकोस.

तिकिटांचे फोटो मात्र शुक्रवारपर्यंत थांबू नकोस, आज रात्रीच काढ. स्कॅनर नसला तर फोनने, दिवसाच्या उजेडासारख्या दिव्याखाली, एकेक करून. ज्या सिनेमांना बायको तुझ्याबरोबर होती त्यांची आधी. आणि कुठल्या सिनेमाला कोण काय म्हणालं होतं हे आठवत असेल तर फोटोखाली लिहून ठेव, नसेल आठवत तर तिला हाक मारून विचार.