छोट्या कारखान्याने इंजिनीअरिंग कॉलेजला प्रॉडक्शनचा अभ्यास करू द्यावा का?

प्रश्न: रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं मशीनशॉप आहे. एका कॉलेजला आमच्या कामातल्या गुंतागुंतीचा अभ्यास करायचाय. येऊ द्यावं का?

उत्तर: येऊ द्या. चहापलीकडे खर्च नाही.

महाप्याला व्हॉल्व्हचे पार्ट करणाऱ्या एका कारखान्यात मी प्लॅनिंग बघायचो. डिस्पॅच लांबला की मीटिंगमध्ये सगळ्या माना माझ्याकडे. सेल्सच्या साहेबांचं ठरलेलं वाक्य: "प्लॅनिंगच कच्चं आहे." अशात एक प्राध्यापक दोन पोरांना घेऊन आले. पोरं व्हीएमसीशेजारी (धातू कापणारं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) स्टूल टाकून बसायची आणि ठरावीक वेळाने लिहायची: मशीन चालू, सेटिंग, मटेरियलची वाट, की बंद. शिवाय प्लॅनप्रमाणे कुठला जॉब हवा होता आणि लागलाय कुठला. ऑपरेटर हसायचे. सरांनी त्यातून माहितीशास्त्राचा पाया घालणाऱ्या क्लॉड शॅननच्या 1948 च्या सूत्राने एन्ट्रॉपी काढली. म्हणजे मशीन आत्ता काय करत असेल हे ओळखणं किती अवघड, त्याचं माप. चारही अवस्था सारख्याच वेळा येत असतील तर 2 बिट, कायम एकच असेल तर शून्य.

आमच्या व्हीएमसीचा आकडा शॉपमध्ये सगळ्यात जास्त. आणि कारणाच्या रकान्यात पोरांनी भाबडेपणाने लिहिलेलं, "सेल्सचा फोन". फोन आला की अर्जंट जॉबसाठी चालू जॉब उतरवा, फिक्स्चर (पार्ट पकडून ठेवणारा साचा) बदला, पहिला पीस क्यूसीला म्हणजे तपासणीला, ओके येईपर्यंत मशीन उभं. अर्जंट संपलं की जुना जॉब चढवून पुन्हा तेच. हे मी कधीपासून ओरडत होतो. प्रोजेक्टरवर दिसल्यावर साहेब म्हणाले, "इंटरेस्टिंग."

मालकांचं दुसरंच. मशीन रिकामं दिसलं की त्यांचा जीव खालीवर. सरांनी फळ्यावर रांगेचं गणित मांडलं: कामं कशीही येत असतील आणि वेळही कमीजास्त लागत असेल, तर साध्या मॉडेलमध्ये 80 टक्के लोडला (म्हणजे मशीन 80 टक्के वेळ कामात असेल तर) जॉब सरासरी मशीनिंगच्या 4 पट वेळ रांगेत थांबतो, 95 टक्क्यांना 19 पट. मशीन गच्च भरा, मध्ये अर्जंट घुसवा आणि वर तारखा पाळा, हे जमत नसतं. ज्याला पटत नाही त्याने महिनाभर प्लॅनिंगच्या खुर्चीत बसावं.

हां, कस्टमरची ड्रॉइंग बाहेर जाऊ देऊ नका, तसं आधीच लिहून घ्या. परीक्षा आल्या की पोरं गायब होतात. रिपोर्ट जाडजूड असतो, सुपरवायझरसाठी एका पानाचा तक्ता वेगळा मागा. आणि एन्ट्रॉपी गोंधळ कुठे आहे ते दाखवते, निस्तरायचा तुम्हालाच.

शेवटच्या प्रेझेंटेशनला सेल्सचा माणूस हवाच. कस्टमर व्हिजिट आहे म्हणाला तर तारीख पुढे ढकला, पण त्याच्याशिवाय घेऊ नका.