शेवटच्या इनिंगचा पिचर

प्रश्न : मी कॉलेजच्या संघातून बेसबॉल खेळतो, पिचर म्हणजे चेंडू फेकणारा आहे. गेल्या वर्षीपर्यंत सामन्याची सुरुवात मीच करायचो. यंदा सर मला शेवटच्या एक-दोन इनिंगलाच उतरवतात. मला पुढे प्रशिक्षक व्हायचं आहे. घरचे म्हणतात, मागून येणारा पिचर दुसऱ्याला काय शिकवणार? काय करू?
– एक खेळाडू, महाल, नागपूर

उत्तर : संघ सोडू नकोस, बाळा. घरच्यांना डेव्ह रिघेट्टीबद्दल सांग. न्यूयॉर्क यांकीजच्या या डावखुऱ्या पिचरनं 4 जुलै 1983 ला बोस्टनविरुद्ध नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात समोरच्यांना एकही हिट मिळाली नाही. तरी पुढच्याच हंगामात त्याला रिलीव्हर, म्हणजे मागून येणारा पिचर केलं, कारण शेवट सांभाळणारा गूस गॉसेज सॅन दिएगोला निघून गेला होता. पुष्कळांना ते रुचलं नाही. 1986 मध्ये त्यानं 46 सेव्ह केले, म्हणजे तितक्यांदा संघाची थोडकी आघाडी शेवटपर्यंत राखली; तो तेव्हाचा मेजर लीगचा, म्हणजे तिथल्या सर्वात वरच्या लीगचा विक्रम. नंतर 2000 ते 2017 तो सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा पिचिंग कोच होता. त्या काळात संघानं 2010, 2012 आणि 2014 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे त्या लीगचं विजेतेपद जिंकलं आणि त्याच्या हाताखालच्या पिचर्सनी पाच नो-हिटर टाकले. त्यात मॅट केनचा 2012 चा परफेक्ट गेम, म्हणजे समोरचा एकही जण बेसवर पोहोचला नाही!

सुरुवात करणाऱ्याला बिघडलेली इनिंग भरून काढायला वेळ मिळतो. रिलीव्हर येतो तेव्हा कित्येकदा बेसवर आधीच्या पिचरनं सोडलेले समोरच्या संघाचे रनर उभे असतात. शिवाय क्रिकेटसारखं नाही, सामन्यातून बाहेर काढलेला पिचर परत येत नाही. म्हणून त्याला कधी काढायचं, हा प्रशिक्षकाचा फार अवघड निर्णय असतो, आणि तू तो रोज जवळून बघतो आहेस. मी रेशीमबागेच्या मैदानावर मुलांना शिकवतो, तिथेही हेच सांगतो : बसून राहू नका, बघा. दमलेल्याचा चेंडू वर राहू लागतो, पाऊल आखूड पडतं. एप्रिलच्या उन्हात तर हे लवकरच दिसतं. कोणत्या इनिंगला दिसलं ते वहीत लिही. सरांनी पिचर कधी बदलला, तेही शेजारी लिही.

एक मात्र सांभाळ. उतरायच्या तयारीत फेकलेले चेंडू स्कोअरशीटवर येत नाहीत, पण खांद्याला ते मोजावेच लागतात. दोनदा तयार होऊनही उतरवलं नाही, तर तो आकडा सरांना त्याच दिवशी सांग.