बुशक्राफ्टला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: कुत्र्याला सोबत घेऊन जंगलात चालताना आग पेटवणं, गाठी मारणं, लाकूड तासणं, माग ओळखणं असं जे बुशक्राफ्ट करतात, त्याला मराठीत ‘वनकला’ म्हटलं तर चालेल का? आणि ‘लीश’ला पट्टा म्हणायचं की दोरी?

‘वनकला’ मला पटत नाही. कला म्हटलं की चित्र किंवा नाच डोळ्यांपुढे येतो. हातात मुरलेल्या कामाला मराठीत ‘कसब’ हा नेमका शब्द आहे. ‘बुश’चं झुडूपही करू नये. ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेत बुश म्हणजे वस्तीबाहेरचा, लागवडीखाली न आलेला मुलूख. त्याला जवळचं आपलं ‘रान’, संस्कृत ‘अरण्या’तून झिजत आलेलं. ‘रानात गेलाय’ म्हणजे शेतावर गेलाय असाही अर्थ होतो खरा, पण रानमांजर, रानमेवा अशा समासांत कुणाचा घोटाळा होत नाही. म्हणून माझं मत ‘रानकसब’ला. बुशक्राफ्टच लिहायचं असेल तर तेही खुशाल लिहा, कारण मोठ्या शब्दापेक्षा त्याच्या पोटातले लहान शब्द जास्त कामाचे आहेत आणि तिथे मराठीला उसनवारी फारशी करावी लागत नाही.

सरपणाचंच बघा. आपण ‘ओलं लाकूड’ म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबतो. जिवंत झाडाची फांदी ओली असते ती आतल्या रसामुळे. ती नुसती धुमसते आणि धूर करते. पावसात भिजलेलं वाळकं लाकूड मात्र वरूनच ओलं असतं. ते उभं फोडलं की आतला गाभा कोरडा निघतो. पहिल्याला ‘हिरवं’ आणि दुसऱ्याला ‘भिजलेलं’ म्हटलं की अर्धं काम झालं. तिसरा शब्द यांहून मोलाचा: ‘वठलेलं’. उभ्याउभ्या वाळलेलं झाड. जमिनीवर पडलेलं लाकूड खालून ओल ओढतं, वठलेलं तसं ओढत नाही, म्हणून त्याच्या काटक्या सर्वांत चांगल्या. काटकी मोडताना ‘कट्’ आवाज आला पाहिजे. वाकली किंवा तंतू धरून लोंबली तर सोडून द्या. आणि वठलेल्या झाडाखाली बसू नका, कुत्र्यालाही त्याला बांधू नका. जड फांदी कधी सुटेल त्याचा नेम नसतो.

हल्ली फेरोसेरियमच्या, म्हणजे घासल्यावर ठिणग्या पाडणाऱ्या मिश्रधातूच्या कांडीला सर्रास ‘चकमक’ म्हणतात. शब्द चालवून घेऊ, पण कृती उलटी आहे हे लक्षात ठेवा. जुन्या चकमकीत कठीण दगडाची धार पोलादाचा बारीक कीस काढते आणि तो कीस हवेत पेटतो. म्हणजे ठिणगी पोलादाची, आणि ती इतकी दुबळी की धरायला करपवलेल्या सुती कापडासारखं चटकन धुमसणारं काहीतरी लागतं. कार्ल आउअर फोन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने १९०३ साली पेटंट घेतलेल्या फेरोसेरियमची ठिणगी कांडीचीच असते. ती सुमारे ३००० अंश सेल्सियसपर्यंत तापते आणि पिंजलेला कापूस किंवा चुरलेलं वाळकं गवत थेट पेटवते. नव्या कांडीवर काळा लेप असतो, तो आधी खरवडून काढावा लागतो. नवखा माणूस सुरी पुढे झटकतो आणि तिचं टोक जाऊन कापसाची रास उधळतं. त्याऐवजी सुरीची पाठ स्थिर धरायची आणि कांडी मागे ओढायची, दाब देऊन, सावकाश. पेट घेतल्यावर आधी काडेपेटीच्या काडीएवढ्या काटक्या, मग करंगळीएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या. हा क्रम चुकला की ज्वाळा उपाशी मरते.

आता दोरी. ‘पट्टा’ हा शब्द गळ्यातल्या वस्तूसाठी राखून ठेवावा. हातातल्या दोरीसाठी गुराढोरांच्या शब्दांकडे गेलं तर दोन सुंदर शब्द मिळतात. चालताना जनावराच्या मागे हातात धरतात तो ‘कासरा’ आणि एका जागी बांधून ठेवतात ते ‘दावं’. कुत्र्याची पाच ते दहा मीटरची लांब दोरी हा कासराच आहे. मुक्कामाच्या जागी झाडाला बांधलेली दीड-दोन मीटरची दोरी म्हणजे दावं. इंग्रजीतही या दोन्हींना वेगळे शब्द आहेत, मग आपण सगळ्याला पट्टा का म्हणायचं?

दाव्यासाठी गाठ कोणती, याचंही उत्तर शब्दांतच आहे. ‘निरगाठ’ ओढ बसली की आवळते आणि मग नखांना दाद देत नाही. ‘सुरगाठ’ शेपटी ओढली की सुटते. ‘फास’ ओढाल तितका आवळतो, म्हणून तो कुत्र्याच्या गळ्याकडच्या टोकाला कधीही नको. झाडाकडचं टोक असं बांधा: दोरीचे बुंध्याभोवती दोन पूर्ण वेढे, म्हणजे ओढ वेढ्यांवर पडते आणि गाठ मोकळी राहते. मग सुटं टोक पूर्ण न ओवता दुमडून त्याचा दुहेरी वळसा आत सारायचा, झाली सुरगाठ. खोट एकच: कुत्र्याने लोंबती शेपटी दातांत धरून ओढली की तो मोकळा. म्हणून ती शेपटी त्या वळशातून एकदा ओवून घ्यायची. सोडताना आधी ती काढा, मग ओढा. दावं कुत्र्याच्या पाठीच्या उंचीवर बांधा. खाली बांधलं तर पायांत गुंतेल. गळपट्ट्याऐवजी छातीपट्ट्याला अडकवा, कारण ससा दिसल्यावर घेतलेली झेप दाव्याच्या टोकाशी थांबते आणि तो हिसका मानेवर बसतो. झाड आगटीपासून निदान पाच मीटर आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे ठिणग्या त्याच्याकडे उडणार नाहीत.

‘ठसा’ आणि ‘माग’ यांतही गल्लत होते. एका पावलाची खूण म्हणजे ठसा, ठशांची ओळ आणि तिच्यावरून लागणारा अंदाज म्हणजे माग. कुत्र्याच्या ठशात बहुधा नखं उमटतात आणि ठसा रुंदीपेक्षा लांब असतो. मांजरकुळातला ठसा गोलसर, सहसा नखांविना, आणि मागच्या गादीच्या कडेला तीन फुगवटे. चिखलाची जागा आली की कासरा आखडून कुत्र्याला मागे ठेवा, नाहीतर त्याचेच ठसे सगळ्यावर पसरतात.

कासऱ्यावरून आठवलं: ‘दिवस कासराभर वर आला’ असं गावाकडे म्हणतात. दोरीने सूर्य मोजायचा! संध्याकाळी असाच अंदाज बोटांनी घेतात. हात लांब करून क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये आडवी बोटं धरायची, सूर्य मावळायला दर बोटामागे साधारण पंधरा मिनिटं. ध्रुवांकडच्या प्रदेशांत सूर्य तिरका उतरतो, तिथे दर बोटामागे याहून जास्त वेळ लागतो.

राहता राहिलं ‘विझणं’ आणि ‘निवणं’. ज्वाळा गेली म्हणजे आग विझली, पण राखेखाली आर, म्हणजे धगधगते निखारे असतात. पाणी ओतून काडीने ढवळायचं, पुन्हा ओतायचं आणि तळहाताची मागची बाजू राखेजवळ धरून बघायचं. धग लागली तर आगटी विझलीय, निवलेली नाही. कुत्रा करड्या राखेवर बिनधास्त पाय देतो, त्याला ती गार दिसते. हात थेट राखेत घालता आला, की मगच दाव्याची सुरगाठ ओढायची.